शुश्रूषेतला कान

प्रश्न असा आलाय: आईचा आजार बरा होण्यापलीकडे गेलाय. एक नातेवाईक तिला ‘मुमूर्षू’ म्हणाले, ते मनाला लागलं. मुमूर्षू म्हणजे मरायची इच्छा असलेली का? डॉक्टर म्हणतात, आता फक्त ‘सुश्रुषा’ करा. ती सारखी शेवटाचं बोलते आणि मी विषय बदलतो.

मुमूर्षूकडे येतो, पण आधी ते ‘सुश्रुषा’! ऐकलं की डोकं फिरतं. सु म्हणजे चांगली, श्रुषा म्हणजे सेवा, अशी फोड करून सांगणारेही भेटतात. सेवा या अर्थाचा श्रुषा असा शब्द ना संस्कृतात, ना मराठीत. शब्द आहे शुश्रूषा. ‘पा’वरून पिपासा, ‘ज्ञा’वरून जिज्ञासा, तशी ‘श्रु’वरून शुश्रूषा. म्हणजे ऐकण्याची इच्छा! गुरूचं ऐकायला बसलेला शिष्य त्याची सेवाही करी, म्हणून सेवा हा अर्थ मागून चिकटला.

अमरसिंहाचा अमरकोश, म्हणजे संस्कृतातला जुना समानार्थी शब्दांचा कोश, मात्र ‘वरिवस्या तु शुश्रूषा परिचर्याप्युपासना’ म्हणून सगळ्यांना एका ओळीत बसवतो. अमरसिंहाला छंद जुळवायचा होता हे मान्य, पण मला हे पटत नाही. परिचर्येत ‘चर्’ आहे, म्हणजे चालणं. औषध देणं, कूस बदलणं, चादर बदलणं ही परिचर्या. ती पगारी माणूसही करतं, पुष्कळदा घरच्यांपेक्षा नीट करतं. शुश्रूषेला बसावं लागतं.

आता खरी गंमत. संस्कृत व्याकरणकार पाणिनी आपल्या अष्टाध्यायीत (१.३.५७) सांगतो की ज्ञा, श्रु, स्मृ, दृश् या चार धातूंच्या इच्छार्थक रूपांना आत्मनेपद (क्रियापदाच्या प्रत्ययांचा एक संच) लागतं. जाणावंसं, ऐकावंसं, आठवावंसं, बघावंसं वाटणं. आजाऱ्याच्या उशाशी बसलेला माणूस याखेरीज दुसरं काय करतो? आणि आत्मनेपद म्हणजे फळ कर्त्याच्या पदरात. इथे ते निव्वळ रूपापुरतं आहे, त्यात अर्थ शोधू नये, असं वैयाकरण मला बजावतात. बजावोत. वडिलांच्या शेवटच्या महिन्यांत त्यांनी तीच ती जुनी भांडणं मला चारचारदा सांगितली. त्यांना त्याचा काय उपयोग झाला ठाऊक नाही, मला अजून पुरतंय.

तेव्हा आई शेवटाचं बोलली की ‘असं बोलू नकोस’ म्हणू नका. तिला बोलू द्या. रडू आलं तर तिच्यासमोर रडा. आणि डॉक्टरांचा तो ‘फक्त’ खोडून टाका.

हां, मुमूर्षू. रूप इच्छेचंच, ‘मृ’चं. पण हे रूप नुसत्या इच्छेसाठी नसतं, ‘आता होणारसं दिसतंय’ यासाठीही चालतं, असं वार्तिक, म्हणजे पाणिनीच्या सूत्राला जोडलेली पुरवणी, आहे. त्याचं उदाहरण नदीच्या काठाचं: ‘कूलं पिपतिषति’, काठ कोसळायला आलाय. काठाला कोसळायची हौस नसते. नातेवाइकांनी शब्द बरोबर वापरला, फक्त तिच्या खोलीबाहेर वापरायला हवा होता.