पॅरामीटरच्या पोटात पॅरामीटर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डेटा लोड करणारे जॉब चालवणारी स्क्रिप्ट आमच्याच टीमची आहे. क्वेरीत `$$` ने सुरू होणारं नाव दिसलं की ती त्याच्या जागी पॅरामीटर फाइलमधली व्हॅल्यू टाकते. पॅरामीटर फाइलमध्ये आधी `$$विभाग=उत्तर` आणि खाली `$$टेबल=विक्री_$$विभाग` अशा दोन ओळी आहेत. क्वेरीत आहे ‘फ्रॉम $$टेबल’. रन केला की डेटाबेस म्हणतो, `विक्री_$$विभाग` नावाचं टेबलच नाही. फाइल तर बरोबर दिसते.

उत्तर : फाइल बरोबरच आहे. तुमची स्क्रिप्ट क्वेरीवरून एकदाच हात फिरवते, तेही फाइलमधल्या क्रमाने. आधी तिने क्वेरीत `$$विभाग` शोधलं, ते तेव्हा तिथे नव्हतंच. मग `$$टेबल` काढून `विक्री_$$विभाग` चिकटवलं आणि फाइल संपली. आत्ता कुठे `$$विभाग` क्वेरीत आलं होतं, पण त्याची पाळी होऊन गेली होती.

दोन्ही ओळींची अदलाबदल केलीत तर जॉब चालेल, आणि नेमकं तेच करू नका. उद्या कुणी एक ओळ वर-खाली केली की पुन्हा बंद, आणि कारण कुणाला सापडणार नाही. स्क्रिप्टला फेऱ्या मारायला लावा : एका फेरीत काहीच बदललं नाही की थांबायचं. फेऱ्यांना मर्यादा मात्र घाला, कारण `$$अ` च्या पोटात `$$ब` आणि `$$ब` च्या पोटात `$$अ` असं कधीतरी होतंच. पेंटाहो हे डेटा लोड करायचं टूलसुद्धा व्हॅल्यूत दुसरं व्हेरिएबल सापडलं तर ते उलगडतं आणि असं चक्र दिसलं की एरर देऊन थांबतं. शेवटी क्वेरीत एखादं जरी `$$` उरलं असेल, तर ती डेटाबेसकडे जाऊच द्यायची नाही, जॉब तिथेच पाडायचा.

आणखी एक खड्डा. `$$विभाग_जुने` असं लिहिलंत तर नाव कुठे संपतं? नुसतं मजकूर शोधणारी स्क्रिप्ट `$$विभाग` बदलून `उत्तर_जुने` करेल, नावं नीट वाचणारी `विभाग_जुने` नावाचं पॅरामीटर शोधत बसेल. महिरपी कंसात नाव लिहायची पद्धत ठेवलीत तर हा वादच राहत नाही.

माझं मत विचाराल तर दोन पातळ्यांच्या खाली जाऊ नये. तिसऱ्या पातळीवर क्वेरी वाचून कळत नाही, ती फक्त चालवून कळते.

प्रश्न : पेंटाहोमध्ये एकाच ट्रान्सफॉर्मेशनमध्ये ‘सेट व्हेरिएबल्स’ने तारीख ठरवतो आणि पुढे ‘टेबल इनपुट’मध्ये वापरतो. कधी जुनी तारीख लागते, कधी रिकामी.

उत्तर : ट्रान्सफॉर्मेशनमधल्या स्टेप एकामागून एक चालत नाहीत, सगळ्या एकदम सुरू होतात. बाणांमुळे तसं वाटत नाही, हे खरं. तुमची क्वेरी तयार होते तेव्हा तारीख ठरलेलीच नसते. दोन ट्रान्सफॉर्मेशन करा : पहिल्यात व्हेरिएबल ठरवा, दुसऱ्यात वापरा, आणि दोन्ही एका जॉबमध्ये मागेपुढे लावा. ‘टेबल इनपुट’मधला ‘रिप्लेस व्हेरिएबल्स’चा चौकोन टिक केलाय ना, तेही बघा. त्याच्याशिवाय क्वेरी जशीच्या तशी डेटाबेसकडे जाते.

प्रश्न : पॉवरसेंटर या डेटा लोडच्या दुसऱ्या टूलमध्ये एक्स्प्रेशन पॅरामीटर फाइलमधून देतो, पण कॉलममध्ये उत्तराऐवजी तो फॉर्म्युलाच उतरतो.

उत्तर : त्या पॅरामीटरची ‘इज एक्स्प्रेशन व्हेरिएबल’ ही प्रॉपर्टी ट्रू करा. मग आधी पॅरामीटर उलगडतं आणि नंतर एक्स्प्रेशन वाचलं जातं. फॉल्स असेल तर तुमचा फॉर्म्युला म्हणजे नुसती अक्षरं.

प्रश्न : पॉवरसेंटरमध्येच इन्क्रिमेंटल लोडसाठी, म्हणजे फक्त नवीन डेटा आणण्यासाठी, मॅपिंग व्हेरिएबल ठेवलंय, ते मागच्या रनची तारीख लक्षात ठेवतं. रोज तीच जुनी तारीख घेऊन सगळा डेटा पुन्हा येतो.

उत्तर : पहिल्या रनला म्हणून टाकलेली तारीख पॅरामीटर फाइलमध्ये तशीच राहिली असणार. रिपॉझिटरीत, म्हणजे पॉवरसेंटरच्या स्वतःच्या साठ्यात, सेव्ह झालेल्या व्हॅल्यूपेक्षा फाइलचा मान मोठा असतो. ती ओळ काढा.

प्रश्न : ‘व्हेअर’ची पूर्ण अटच पॅरामीटरमधून देतो. ती एका कंट्रोल टेबलमधून येते, आणि ते टेबल बिझनेसची माणसं भरतात. यात धोका आहे का?

उत्तर : आहे, आणि तो फक्त कुणी वाईट हेतूने काही घुसवेल इतकाच नाही. नावात एक अ‍ॅपॉस्ट्रॉफी आला तरी क्वेरी मोडते. तारीख, कोड, रक्कम अशा व्हॅल्यू बाइंड करा, म्हणजे क्वेरीत न चिकटवता डेटाबेसकडे वेगळ्या पाठवा, मग डेटाबेस त्यांना क्वेरीचा भाग म्हणून वाचतच नाही. टेबलचं किंवा कॉलमचं नाव बाइंड करता येत नाही. ते चिकटवावंच लागतं. तिथे मंजूर नावांची यादी ठेवा आणि यादीत नसलेलं नाव आलं तर जॉब थांबवा. अख्खी अट लिहायची मुभा कुणालाच नको. कॉलम, चिन्ह आणि व्हॅल्यू असे तीन वेगळे रकाने द्या, अट तुम्ही जोडा.

मला स्वतःला जास्त भीती रिकाम्या पॅरामीटरची वाटते. एका जॉबमध्ये लोडच्या आधी त्या महिन्याच्या ओळी पुसायला मी ‘डिलीट … व्हेअर १=१ $$अट’ असं लिहिलं होतं, `$$अट` मध्ये ‘अँड महिना = …’. ते १=१ मला फार सोयीचं वाटायचं. एकदा फाइलमध्ये `$$अट` चं स्पेलिंग चुकलं, व्हॅल्यू रिकामी गेली, आणि १=१ तर नेहमीच खरं. पूर्ण टेबल पुसलं गेलं. लोड एका महिन्याचा झाला, जॉब हिरवा. दुसऱ्या दिवशी ओळींची संख्या बघितली तेव्हा कळलं. त्यानंतर माझ्या कुठल्याही डिलीटमध्ये १=१ नसतं. अट रिकामी आली तर क्वेरी ‘व्हेअर’वरच मोडली पाहिजे.

प्रश्न : ‘इन’च्या यादीसाठी हजारच्या वर कोड एका पॅरामीटरमध्ये जोडतो. ओरॅकल एरर देतं.

उत्तर : १९सी आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत एका यादीत १००० च्या वर आयटम चालत नाहीत. यादीचे तुकडे करून ‘ऑर’ने जोडणारे आहेत, मला ते पटत नाही. कोड एका टेम्पररी टेबलमध्ये भरा आणि जॉइन करा. पॅरामीटरमध्ये फक्त रन आयडी (त्या रनचा ओळख क्रमांक) ठेवा, तोही बाइंड करून.