मुंबई इंडियन्स तळाला गेली की मालकांना केवढ्याला पडतं?

तुम्ही विचारलंय, २०२२ आणि २०२४ ला मुंबई इंडियन्स चक्क दहाव्या नंबरावर राहिली, म्हणजे मालकांचा मोठा तोटा झाला असेल ना? तोट्यात गेलो आपण, वानखेडेवर घसा कोरडा करणारे. मालकांचं फारसं काही बिघडत नाही. मी पोटापाण्याला खातेवह्या तपासतो, म्हणून आधी आकडे.

आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. वर्षाला साधारण ९,६७८ कोटी. त्यातले ढोबळमानाने निम्मे बीसीसीआयकडे राहतात, उरलेले दहा संघांत वाटले जातात, आणि त्यातला बहुतेक भाग सगळ्यांना सारखाच. गुणतक्त्यातल्या जागेवर ठरतो तो हिस्सा अगदी थोडका. म्हणजे हंगामाचा पहिला चेंडू पडायच्या आत संघामागे सरासरी पावणेपाचशे कोटींच्या वर रक्कम जवळपास पक्की. खेळाडूंवर खर्च किती? २०२५ साठी एकूण मर्यादा होती १४६ कोटींची. प्रवास, हॉटेलं, प्रशिक्षक, बोर्डाला द्यायचा वाटा हे सगळं धरलं तरी हातात बरंच उरतं.

आता जिंकण्याचं मोल बघा. २०२४ च्या विजेत्यांना बक्षीस मिळालं २० कोटी. त्याच वर्षीच्या लिलावात एकट्या ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले!

तिकिटांचंही तसंच. वानखेडेवर साधारण ३३ हजार माणसं मावतात, घरचे सामने सात. सरासरी तिकीट तीन हजाराचं धरलं आणि एकही फुकट पास नाही असं मानलं (मुंबईत असं मानायला छाती लागते, इथे सामन्याच्या आदल्या दिवशी लांबचा मामाही ‘पास आहे का रे?’ म्हणून फोन करतो), तरी बेरीज सत्तर कोटींच्या आतच.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये तळाचे तीन संघ खालच्या लीगमध्ये ढकलले जातात आणि टीव्हीचा पैसा झपकन आटतो. तिथे तळाला जाणं म्हणजे खरंच पोटावर पाय. आयपीएलमध्ये दहावा संघ पुढच्या वर्षीही दहांतलाच एक. सलग चार-पाच वर्षं असंच चाललं तर जर्सीवरचे प्रायोजक भाव पाडून मागतील, एवढाच काय तो फटका.

मालकांना खरी झळ बसली तर ती मैदानाबाहेरून बसेल. २०२२ च्या लिलावात टीव्हीचे हक्क स्टारने घेतले, डिजिटलचे रिलायन्सच्या व्हायकॉम१८ ने. २०२४ च्या नोव्हेंबरात या दोघांचं विलीनीकरण झालं. म्हणजे आज हक्क ज्या घराकडे, मुंबईचा संघही त्याच घराचा. २०२७ नंतरच्या हक्कांसाठी त्यांच्यासमोर तेवढ्याच ताकदीचा कोणी बोली लावायला उभा राहिला नाही, तर ते पावणेपाचशे कोटी कमी होतील. आणि तेव्हा गंमत अशी, की संघमालक म्हणून त्यांना जे कमी मिळेल, ते हक्क घेणारे म्हणून त्यांचंच वाचलेलं असेल. रडायची वेळ येईल ती बाकीच्या नऊ संघांवर.