व्हॅम्पायर कादंबरी लिहिण्याआधी गाजलेली व्हॅम्पायर पुस्तकं वाचावीत का, की त्यामुळे आपलं लेखन नकली होतं?

वाचावीत, आणि वही-पेन जवळ ठेवून वाचावीत. नकली निघतात त्या बहुतेक न वाचता लिहिलेल्या कादंबऱ्या. काळा झगा, सुळे, लसूण, शवपेटी हा सगळा ऐवज सिनेमा-मालिकांतून आपल्या डोक्यात आधीच झिरपलेला असतो, आणि तो कुठून आला हे ठाऊक नसलं की तो आपलाच वाटायला लागतो. व्हॅम्पायर उन्हात जळून मरतो, हे अनेकांना प्राचीन लोकसमजुतीतलं वाटतं. पण ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) काउंट ड्रॅक्युला, म्हणजे त्यातला व्हॅम्पायर, भर दिवसा लंडनच्या पिकॅडिलीत दिसतो. दिवसा त्याची शक्ती मर्यादित असते, इतकंच. उन्हाने मरण पडद्यावर आणलं ते १९२२च्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटाने. हे कळल्यावर तो नियम ठेवायचा की टाकायचा, ते तुम्ही जाणूनबुजून ठरवू शकता.

ढीगभर वाचायची गरज नाही. सुरुवात शेरिडन ल फानूच्या 'कार्मिला'पासून (१८७२) करा. लहान आहे, एका सुट्टीच्या दिवसात संपते. मग 'ड्रॅक्युला', रिचर्ड मॅथेसनची 'आय अ‍ॅम लेजंड' (१९५४), स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' (१९७५), अ‍ॅन राईसची 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' (१९७६), मूळ स्वीडिश 'लेट द राइट वन इन' (२००४) आणि 'ट्वायलाइट' (२००५). कालक्रमानेच वाचा, म्हणजे कोणी कोणाचं काय उचललं आणि काय फेकलं ते दिसतं. नारायण धारपांची 'लुचाई' वाचली असेल तर 'सेलम्स लॉट' अजिबात टाळू नका, कारण 'लुचाई' तिच्यावरच बेतलेली आहे. दोन्ही शेजारी ठेवून अमेरिकन गावातली भीती मराठी मातीत आणताना काय बदलावं लागलं ते टिपून ठेवा. मराठीत लिहिणाऱ्याला याहून चांगली शिकवणी नाही.

प्रत्येक पुस्तकासाठी वहीचं एक पान ठेवा. रक्त किती दिवसांनी लागतं, नवा व्हॅम्पायर कसा तयार होतो, त्याला काय करता येत नाही, तो कशाने मरतो, आणि गोष्ट कोण सांगतंय, एवढं लिहा. शेवटच्या प्रश्नावर जास्त वेळ घालवा. 'ड्रॅक्युला' ही माणसांच्या डायऱ्या, पत्रं, तारा आणि कात्रणांतून उभी राहते, त्यामुळे काउंट बहुतांश पुस्तकभर समोर नसतो आणि म्हणूनच धाक वाटतो. राईसने बोलायला व्हॅम्पायरलाच बसवलं आणि भीतीची जागा पश्चात्तापाने घेतली. नियम तेच ठेवून नुसता सांगणारा बदलला तरी कादंबरीची जात बदलते.

नियम वाचकापर्यंत कसा पोचवायचा, हे शिकायला 'ड्रॅक्युला'चं दुसरं प्रकरण सावकाश वाचा. काउंटकडे कामासाठी आलेला तरुण इंग्रज वकील जोनाथन हार्कर किल्ल्यातल्या खोलीत आरशासमोर दाढी करतोय. खांद्यावर हात पडतो, काउंटचा आवाज येतो, पण आरशात कोणी नाही. दचकून वस्तरा लागतो. हनुवटीवरचं रक्त पाहून काउंट त्याच्या गळ्याकडे झेपावतो, हात गळ्यातल्या क्रूसाच्या जपमाळेला लागतो आणि त्याचा आवेश क्षणात उतरतो. मग तो आरसा खिडकीतून बाहेर भिरकावतो. प्रतिबिंब नाही, रक्ताची ओढ, क्रूसाचा धसका, असे तीन नियम एका दाढीत सांगून झाले आणि एकही वाक्य समजावणीचं नाही. काउंटचा माग काढणाऱ्या प्राध्यापक व्हॅन हेल्सिंगचं लांबलचक भाषण येतं ते थेट अठराव्या प्रकरणात, वाचकाने बरंच काही डोळ्यांनी पाहिल्यावर. नव्या लेखकांच्या हस्तलिखितांत नेमकं उलटं होतं: तिसऱ्याच पानावर कोणीतरी म्हातारा ग्रंथपाल सगळी नियमावली वाचून दाखवतो.

दुसरी नेहमीची चूक गणिताची. चावलेला प्रत्येक माणूस व्हॅम्पायर होतो आणि प्रत्येक व्हॅम्पायर आठवड्याला एकाला चावतो, असं धरा. संख्या दर आठवड्याला दुप्पट होते. एकापासून सुरू केलं तर ३३ आठवड्यांत आकडा ८५८ कोटींवर जातो, म्हणजे पृथ्वीवर माणूस उरत नाही. मग तुमचा चारशे वर्षांचा नायक इतकी वर्षं लपून राहिला कसा? जुन्या लेखकांनी यातून वाटा काढल्या आहेत. राईसकडे आधी माणसाचं रक्त जवळजवळ संपवावं लागतं आणि मग व्हॅम्पायरने स्वतःचं पाजावं लागतं. किंगने दुपटीचं हेच गणित मुद्दाम वापरून अख्खं गाव रिकामं केलं. मॅथेसन त्या हिशेबाच्या शेवटी जाऊन उभा राहिला, जिथे माणूस एकच उरलाय. तुमचं उत्तर लिहायला बसण्याआधी ठरलेलं हवं, नाहीतर मध्यावर कथानक उसवतं.

नवेपणासाठी नवा नियम शोधत बसू नका. जुनाच नियम एक पाऊल पुढे रेटा. व्हॅम्पायरचं वय वाढत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. राईसने ते लहान मुलीला लावलं आणि क्लॉडिया जन्मली, मन बाईचं, शरीर कायम पोरीचं. आमंत्रणाशिवाय घरात येता येत नाही हेही जुनंच. 'लेट द राइट वन इन'मध्ये प्रश्न पडतो, की तरीही कोणी आलं तर? त्यातली व्हॅम्पायर एली आमंत्रणाशिवाय येते, आणि तिच्या अंगातून रक्त पाझरू लागतं. भयकथेतलं इतकं हळवं दृश्य क्वचित सापडतं.

'ट्वायलाइट'ला नाक मुरडू नका. भूक आणि प्रेम एकाच व्यक्तीवर रोखलेलं असताना संयम किती पानं ताणता येतो, ते त्यात पाहण्यासारखं आहे, आणि तुमच्या वाचकांपैकी अनेकजण त्याच वाटेने इथवर आलेले असतील.

वेताळाला मात्र उगाच व्हॅम्पायर करू नका. रिचर्ड बर्टनने १८७०मध्ये वेताळकथांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावात तसं केलं, पण विक्रमाचा वेताळ प्रेतात वास करतो, कोडी घालतो, रक्तावर जगत नाही. कोकणात-गोव्यात तो ग्रामदेव म्हणून पुजला जातो, तेव्हा तिथला वाचक लगेच अडेल.

उचलेगिरीची भीती असेल तर 'कार्मिला' आणि 'ड्रॅक्युला' कॉपीराइटमुक्त आहेत, पात्रंसुद्धा वापरता येतात. राईसचा लेस्टाट किंवा 'ट्वायलाइट'चा एडवर्ड वापरता येणार नाहीत. ऊन, लसूण, आमंत्रण या कल्पना कोणाच्याच मालकीच्या नाहीत.

मसुदा सुरू करण्याच्या दोनेक आठवडे आधी हे वाचन थांबवा, कारण ताजी वाचलेली शैली वाक्यात उतरते. त्या दिवसांत कथेच्या जागेबद्दल वाचा. स्टोकर ट्रान्सिल्व्हेनियाला कधी गेलाच नाही, त्याने प्रवासवर्णनं आणि नकाशे पालथे घातले. त्याची कादंबरी सुरू होते ती गाडीच्या वेळेने: म्युनिकहून रात्री ८:३५ला निघाली, व्हिएन्नाला ६:४६ला पोचायला हवी होती, तासभर उशीर झाला. पुढे लगेच पॅप्रिका घातलेल्या कोंबडीची पाककृती मीनासाठी, म्हणजे हार्करच्या वाग्दत्त वधूसाठी, मिळवायची आठवण. तुमचा व्हॅम्पायर सावंतवाडीजवळ येणार असेल, तर शेवटची एसटी किती वाजता सुटते, पावसात वीज किती वेळ जाते आणि रात्री दार वाजलं तर घरातलं कोण उठतं, हे आधी पक्कं करा.