ऑइल फिल्टरच्या डब्याला बाहेरून चुंबक लावला तर धातूचे कण पकडले जातात का? इंजिनाचं आयुष्य वाढतं का?

लोखंडाचे कण पकडले जातात, यात शंका नाही. मी २०१४ पासून चुंबक वापरतोय, पण तो चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याच्या) ड्रेन प्लगला, म्हणजे ऑइल काढायच्या बोल्टला, फिल्टरच्या डब्याला नाही. तुम्ही नेमकं डब्याचंच विचारलंत म्हणून लिहायला बसलो, कारण त्या डब्यावरून आमच्या घरात पाच वर्षं वाद चालू आहे.

आधी वडिलांबद्दल सांगतो. ते रेल्वेत होते, पुण्याला घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये, ऑइल तपासणाऱ्या लॅबमध्ये. शेडला आलेल्या इंजिनांच्या ऑइलचे नमुने बाटल्यांतून त्यांच्याकडे यायचे. स्पेक्ट्रोमीटरवर लावले की लोखंड किती, तांबं किती, शिसं किती, सिलिकॉन किती असे आकडे निघायचे, आणि एवढं मोठं इंजिन न उघडता आत काय झिजतंय ते कळायचं. तांबं-शिसं वाढलं की बेअरिंगकडे बघायचं. लोखंड आणि क्रोमियम एकदम वाढलं की लायनर-रिंगांकडे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीकडे आणि पिस्टनच्या कड्यांकडे. सिलिकॉन वाढलं म्हणजे कुठून तरी धूळ आत येतेय. एकट्या आकड्यावर ते कधीच बोलायचे नाहीत, मागच्या वेळचा आकडा शेजारी ठेवूनच बोलायचे.

निवृत्तीनंतर आम्ही फलटणला आलो. मी डिझेल कार घेतली होती, तिच्या मापाचा चुंबकवाला ड्रेन प्लग त्यांनीच पुण्याहून आणायला लावला. दर दहा हजार किलोमीटरला मी गाडीखाली जाऊन ऑइल काढायचो आणि प्लग तसाच, न पुसता, त्यांच्या हातात द्यायचो. त्यांनी शंभर पानी कोरी वही केली होती. प्लगचं टोक ते वहीच्या पानावर एकदाच दाबून ओढायचे, त्या काळ्या पट्ट्याखाली तारीख आणि किलोमीटर लिहायचे, मग राहिलेला लेप अंगठा आणि तर्जनीत चोळून बघायचे. निरोगी इंजिनाचा लेप काजळासारखा असतो, काळा, मऊ, बोटात विरघळल्यासारखा. खरखर लागत नाही. उजेडात धरल्यावर चमकणारी कुसळं दिसली किंवा नखाने उचलता येईल असा तुकडा निघाला तर गाडी चालवायची नाही, आधी कारण शोधायचं.

२०१८ मध्ये माझा हात फ्रॅक्चर झाला होता, म्हणून ती एक सर्व्हिस गावातल्या एका गॅरेजला दिली. ऑइल बदललं, एअर फिल्टर बदलला. मी तिथे उभा होतो, तरी पोराने प्लग काढल्या काढल्या चिंध्याने पुसून टाकला. वहीत त्या तारखेचं पान कोरं आहे.

पुढची सर्व्हिस मी घरी केली, साधारण ब्याण्णव हजारांना. उसाचा हंगाम होता, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्यावर धुरळा नुसता उठत होता. प्लग बाहेर आला तर त्यावरचा लेप नेहमी जोंधळ्याएवढा असायचा तो बोराएवढा झालेला. वडिलांनी पानावर पट्टा ओढला, मागची पानं उलटून बघितली आणि एकच विचारलं, "मधे काय काय उघडलं होतं?"

एअर फिल्टर, म्हटलं. त्यांनी बोटाला पांढरा रुमाल गुंडाळला आणि फिल्टरच्या पुढचा, म्हणजे इंजिनाकडे जाणारा पाइप काढून आतून फिरवला. रुमालावर मातकट रेघ उठली. त्या पाइपात धुळीचा कणसुद्धा असता कामा नये. एअर फिल्टरच्या डब्याची एक क्लिप तुटली होती आणि झाकण एका कोपऱ्यात नखाएवढं उचललेलं होतं. तेवढ्या फटीतून सगळा हंगामभर धुरळा सरळ सिलिंडरमध्ये गेला होता.

आता यातला चुंबकाचा वाटा नीट समजून घ्या. धूळ चुंबकाला चिकटत नाही, ती वाळू आहे. धुळीने लायनर आणि रिंगा खरवडल्या, त्यांचं लोखंड ऑइलमध्ये आलं आणि ते प्लगवर जमलं. झीज थांबवली ती आठवड्याभरात बदललेल्या एअर फिल्टरच्या डब्याने आणि लगेच बदललेल्या ऑइल-फिल्टरने. चुंबकाने फक्त वेळेवर सांगितलं. गॅरेजवाल्याला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, डिझेल गाडीला एवढं येतंच. दोन हजार किलोमीटरनंतर मी परत प्लग काढला, लेप निम्म्याहून कमी होता. जे झिजलं ते भरून येत नाही, तेव्हापासून गाडी दोन ऑइलच्या मधे अर्धा लिटर ऑइल खाते. पण आज दोन लाख चौदा हजार झालेत आणि इंजिन एकदाही उघडलेलं नाही.

ही हकिकत दाजींनी ऐकली आणि त्यातून त्यांनी काढलेला अर्थ वेगळाच. त्यांनी चार ताकदीचे चुंबक आणले, पिकअपच्या ऑइल फिल्टरच्या डब्याला चारी बाजूंनी चिकटवले आणि ऑइल बदलायचं दहा हजारांवरून वीस हजारांवर नेलं. कण पकडतोय ना, मग ऑइल कशाला फेकायचं, असा हिशोब. २०२० मध्ये चोवीस हजारांवर बेअरिंग गेलं. आधी खालून ठकठक, मग क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, ग्राइंडिंगला. त्यांचं आजही म्हणणं आहे की चुंबक बनावट होते.

ते बनावट नव्हते. इंजिनाच्या बेअरिंगला आतून जो थर असतो तो तांबं-शिसं-कथील किंवा ॲल्युमिनियमचा असतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा. यातलं काहीही चुंबक ओढत नाही, जगातला कितीही भारी आणा. ऑइल खराब होतं ते काजळीने, तयार होणाऱ्या आम्लाने आणि त्यात मिसळलेली संरक्षक रसायनं, म्हणजे ॲडिटिव्हज, संपल्याने. त्यातल्या एकालाही चुंबक हात लावू शकत नाही. दाजींना मी हे जेवणाच्या ताटावर दहादा तरी सांगितलंय. चुंबक लावून ऑइलची मुदत वाढवणं मला तरी गाडीशी केलेली बेइमानी वाटते.

डब्याचं विशेष असं की डबा पोलादी पत्र्याचा असतो, चुंबकाचा बराच जोर तो पत्राच स्वतःत ओढून घेतो. उरलेला जोर आत पोचतो, नाही असं नाही, पत्र्याच्या आतल्या बाजूला कण बसतात. पण तिथून ऑइल जोरात जात असतं. कणाचा व्यास निम्मा झाला की चुंबकाची ओढ एक अष्टमांश होते, ऑइलचा रेटा मात्र फक्त निम्मा होतो, म्हणजे बारीक कण हातचे सुटत राहतात. आणि पकडलेलं तुम्हाला कधीच दिसत नाही, कारण फिल्टर कापून कोण बघतो? आपण तो फेकून देतो. चेंबरच्या तळाशी ऑइल त्यामानाने संथ असतं आणि प्लग दर वेळी हातात येतो. म्हणून प्लग.

कागदी फिल्टर वीस-तीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे कण चांगले धरतो, बेअरिंगमधली ऑइलची फिल्म मात्र काही मायक्रॉनचीच असते. थंड इंजिन चालू करताना ऑइल घट्ट असतं तेव्हा बायपास व्हॉल्व्ह उघडून थोडं ऑइल न गाळताच पुढे जाऊ शकतं. तेवढ्यापुरता चुंबकाचा गाळण म्हणूनही उपयोग आहे, पण थोडाच. हेलिकॉप्टरच्या इंजिनात आणि गिअरबॉक्समध्ये चुंबकी चिप डिटेक्टर असतो, त्यावर धातूचा तुकडा अडकला की सर्किट जुळून पायलटसमोर दिवा लागतो. तिथेही त्याचं काम ऑइल स्वच्छ करणं नाही, खबर देणं आहे.

गिअरबॉक्सची गोष्ट वेगळी, हे मान्य करतो. तिथे ऑइल वर्षानुवर्षं तेच असतं आणि झीज बहुतेक लोखंडाची, त्यामुळे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पॅनमध्ये कंपन्या स्वतःच चुंबक ठेवतात. ज्या जुन्या शंभर सीसी बाइकना कागदी फिल्टर नाही, नुसती जाळी आहे, त्यांनाही प्लग जरूर लावा, कारण इंजिन आणि गिअरचं ऑइल एकच.

लावणार असाल तर साधा निओडिमियम चुंबक घेऊ नका. तो ८० अंशांच्या पुढे जोर गमवायला लागतो आणि ऑइल सहज शंभरावर जातं, त्यामुळे जास्त तापमानाचा ग्रेड विचारून घ्या. आट्याचं माप आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) दोन्ही जुळले पाहिजेत. वायसर दर वेळी नवा. चेंबर ॲल्युमिनियमचं असेल तर पान्ह्याला लोंबकळू नका, आटे जातात. सुटा चुंबक चेंबरमध्ये टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. इंजिन नवं असेल तर पहिल्या ऑइलला लेप जास्तच येतो, घाबरू नका. आणि प्लग कुणालाही आधी पुसू देऊ नका.

वडील दोन वर्षांपूर्वी गेले. वही मी चालू ठेवलीय. दाजींच्या नव्या पिकअपच्या मापाचा प्लग दीड वर्ष माझ्या कपाटात पडून आहे, वायसरसकट. त्यांनी गाडी आणली की ऑइल बदलताना लगेच बसवून देईन, वहीत त्यांच्या गाडीसाठी मागची दहा पानं सोडून ठेवलीत.