भारताने आर्थिक नाकेबंदी करूनही पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने १९६१ पर्यंत गोवा हातात कसा ठेवला?

मुख्यतः खनिजाच्या जोरावर. गोवा मुक्त करायला आलेल्या सत्याग्रहींवर १५ ऑगस्ट १९५५ ला गोळीबार झाला, त्यानंतर भारताने सीमा बंद केली, रेल्वे थांबवली, मुंबईतल्या गोंयकारांच्या मनिऑर्डरींवरही टाच आणली. महिन्या-दोन महिन्यांत गोवा शरण येईल, असा अनेकांचा होरा होता. झालं उलटंच. मुरगाव बंदरातून जपान, पश्चिम जर्मनीला लोहखनिज जात राहिलं आणि निर्यात कित्येक पटींनी वाढली. त्या पैशातून हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा, जपानचं सिमेंट आलं. घाटावरची भाजी मिळेना, पण परदेशी घड्याळं हवी तेवढी! चोरटा व्यापार तर सीमेच्या दोन्ही बाजूंना पोसला गेला. खाणमालक खूश, त्यामुळे सरकार निर्धास्त.

बाकीचं काम ‘पीडे’ या गुप्त पोलिसांनी, आग्वादच्या तुरुंगाने आणि सेन्सॉरने केलं. माझ्या मते नाकेबंदीचा खरा चटका बसला तो मनिऑर्डरीवर चूल पेटणाऱ्या घरांना, आणि हालांचं खापर भारतावर फोडायला राजवटीला आयतं निमित्त मिळालं. अखेर १९ डिसेंबर १९६१ ला गोवा सुटला तो लष्करी कारवाईने. सालाझार मात्र लिस्बनमध्ये १९६८ पर्यंत सत्तेवरच होता.