हप्ता थांबला, अनुदान अडकलं : खान्देशातल्या शेतकऱ्यांच्या तीन प्रश्नांना उत्तरं

चोपडा तालुक्यातून एका शेतकरी भावांचा प्रश्न आहे. पीएम किसानचे आधीचे हप्ते पासबुकात दिसतात, नवीन दिसत नाही, पण पोर्टलवर मात्र ‘जमा’ लिहिलेलं आहे.

भाऊ, पैसे बहुतेक आलेत, फक्त तुमच्या दुसऱ्या खात्यात. हा हप्ता खाते क्रमांक पाहून नाही, आधार पाहून जातो, आणि आधार ज्या बँकेत शेवटचं जोडलं तिथे पडतो. मधल्या काळात गॅसच्या सबसिडीसाठी किंवा मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी नवं खातं काढलं असेल, तर आधी तिथलं पासबुक भरून घ्या. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ पाहिलं की बँकेचं नाव कळतं. जुनंच खातं हवं असेल तर त्या शाखेत आधार जोडणीचा अर्ज द्या. शाखेत ‘आधार लिंक आहे’ एवढंच ऐकून परतू नका. ‘डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलंय का?’ असं नेमकं विचारा. केवायसीला आधार देणं वेगळं आणि अनुदानासाठी खातं जोडणं वेगळं. बरेच शेतकरी इथेच अडकतात. राज्याचा नमो शेतकरी महासन्मान निधीही पीएम किसानच्या यादीवरूनच मिळतो, म्हणून एक गाठ सुटली की दोन्हीकडचे वर्षाला सहा-सहा हजार मोकळे होतात.

शिरपूरच्या ताईंचे पती वारले आणि हप्ता बंद झाला.

ताई, तो हप्ता त्यांच्या नावावरचा होता, तुमच्याकडे आपोआप येत नाही. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव लागलं की स्वतःचा शेतकरी ओळख क्रमांक काढा आणि नवी नोंदणी करा. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर झालेली जमीन या योजनेत धरत नाहीत, पण वारसाने आलेली धरतात. ‘तारीख निघून गेली’ म्हणून कुणी परत पाठवलं तर हा नियम सांगा. मृत्यूनंतर त्यांच्या खात्यात हप्ता आला असेल तर तो खर्च करू नका, परत करावा लागतो. या दुःखात कचेऱ्यांच्या चकरा नकोशा वाटतात हे मी जाणतो, पण वारस नोंद तेवढी लांबवू नका. पीककर्जापासून विम्यापर्यंत सगळं तिच्यावरच उभं आहे.

रावेरच्या केळी उत्पादकाने विचारलं आहे की मृग बागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या केळीची) लागवड तोंडावर आली, दुकानदार म्हणतो ठिबक आत्ता टाका, अनुदान मागून मिळेल, तर टाकू का?

नाही. आधी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज, मग कृषी विभागाची पूर्वसंमती, त्यानंतरच खरेदी. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. अल्प व अत्यल्प भूधारकाला ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के अनुदान आहे, पण ते दुकानदाराच्या बिलावर नाही, दोन ओळींतल्या अंतरानुसार सरकारने ठरवलेल्या खर्चावर मोजतात. त्यामुळे कोटेशन घेतानाच आपल्या खिशातून किती जाणार ते लिहून घ्या. मृग बागेला ठिबक हवं असेल तर अर्ज हिवाळ्यातच करा. यंदा जमलं नाही तर कांदेबागेपर्यंत (पावसाळ्यानंतरच्या केळी लागवडीपर्यंत) थांबलेलं बरं. अर्जाची फी २३ रुपये ६० पैसे आहे. ‘मंजुरी आणून देतो’ म्हणत कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका, थेट तालुका कृषी कार्यालयात या. ठिबक बसल्यावर मोका तपासणीला, म्हणजे अधिकारी जागेवर पाहायला येतात तेव्हा, स्वतः शेतात हजर राहा आणि बिलावरचा गट क्रमांक सातबाऱ्याशी ताडून पाहा.