कच्ची वही कुठे आहे ते आधी विचार

कोल्हापूर,
रविवार, दुपार

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. सरकारी कार्यालयं आणि लहान कारखाने संगणकावर नेण्याच्या आराखड्याचं तुझं सादरीकरण मिळालं. बेचाळीस पानं! फोनवर वाचलं, त्यामुळे चष्मा तीनदा पुसावा लागला. रंग छान, बाण छान. पण एकतिसाव्या पानावर मी अडले. तिथे लिहिलंयस, ‘सहावा महिना : जुन्या नोंदवह्या बंद’.

अगं, वह्या अशा बंद होत नसतात. त्या टेबलाखाली जातात.

महसूल खात्यात माझी अख्खी नोकरी गेली. कारकून म्हणून लागले, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. हाताने लिहिलेला सातबारा संगणकात जाताना मी पाहिला, थोडा माझ्याच हातून गेला. आता भावाच्या शिरोलीतल्या वर्कशॉपमध्ये हिशेबाला मदत करते. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला चौदा माणसांचा कारखाना. दोन्हीकडे मी एकच गोष्ट पाहिली: नवीन मशीन टेबलावर आणि खरं काम खणातल्या वहीत. तुला पहिलीच जबाबदारी अशी मिळाली आहे, की जिल्हा परिषदही बघायची आणि लहान उद्योगही. म्हणून हे लांबलचक पत्र.

सातबाऱ्यापासून सुरू करते. गाव नमुना 7 वर जुन्या मालकाचं नाव कमी करायचं तर आम्ही ते खोडत नसू, कंसात टाकत असू. कंस म्हणजे हा माणूस आता इथला नाही. गावातल्या शाळकरी पोरालाही हे ठाऊक असायचं. कॉम्प्युटरवर टायपिंगला बसवलेली मुलं मात्र कंत्राटी होती, नोंदीमागे पैसे मिळणारी. कंस त्यांना बिनमहत्त्वाची खूण वाटली. माझ्या डोळ्यांसमोर वीस-वीस वर्षांपूर्वी वारलेली माणसं पुन्हा जमिनीची मालक झाली. चूक त्या मुलांची नव्हती. कंसाचा अर्थ कुठल्याच कागदावर लिहिलेला नव्हता, तो तलाठी भाऊसाहेबांच्या डोक्यात होता आणि त्यांना कुणी विचारलं नाही.

मग ते निस्तरायला चावडी वाचन घ्यावं लागलं. गावकरी जमवायचे आणि एकेक सातबारा मोठ्यानं वाचायचा. एका गावात एक म्हातारी मागच्या रांगेतून ओरडली, “अगं बाई, माझ्या सासऱ्याला परत जिवंत केलासा व्हय?” सगळे हसले. मी हसले नाही, कारण त्या सासऱ्याच्या नावाखाली तिचं नाव उडालं होतं. अशा दुरुस्त्या करत करत 1 मे 2018 ला डिजिटल सहीचा सातबारा आला. आज 15 रुपयांत तो घरबसल्या निघतो, तलाठी शोधत हिंडावं लागत नाही. हे काम मोठं आहे, मला त्याचा अभिमान आहे. पण टायपिंग सुरू झालं तेव्हापासून त्या तारखेपर्यंतची वर्षं तुझ्या आराखड्यात कुठे आहेत? दिवसा सर्व्हर चालायचा नाही, म्हणून रात्री दोनला उठून नोंदी करणारे भाऊसाहेब मी पाहिलेत. त्यांच्या बायका माझ्याकडे तक्रार घेऊन यायच्या.

आता धंद्याकडे ये. 2020 च्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था आदल्या वर्षाच्या मानानं जवळजवळ पाव भागानं आक्रसली. हा आकडा तू वाचला असशील. आमच्या शेडमध्ये तो कसा दिसला ते सांगते. चौदातले पाच जण गावी गेले ते परतलेच नाहीत. हिशेब बघणारा मुलगा पुण्याला गेला. मशीनवर प्लॅस्टिकचा कागद घातला होता, तो काढायला सप्टेंबर उजाडला. ऑर्डरी आल्या तेव्हा कास्टिंग, म्हणजे आम्ही मशीनवर घडवतो ते ओतीव भाग, विकत घ्यायला हातात पैसा नव्हता. सावरणारा बाजार म्हणजे हाच: काम आहे, माणूस कमी, रोकड त्याहून कमी.

त्याच्या आधी तीन वर्षं मी भावाच्या मागे लागले होते, बिलं वेळेवर चढव, सगळं सीएच्या अंगावर टाकू नको. तो म्हणायचा, “ताई, ते तुमच्या हापिसातलं झालं.” मग 1 जानेवारी 2022 पासून नियम कडक झाला. विकणाऱ्यानं आपलं बिल जीएसटीच्या पोर्टलवर चढवलं आणि ते घेणाऱ्याच्या 2बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या त्याच्या खरेदीच्या यादीत, दिसलं, तरच घेणाऱ्याला त्या कराची वजावट. मोठ्या गिऱ्हाइकानं सरळ कळवलं, बिल दिसेपर्यंत कराचे पैसे देणार नाही. दोन लाखांच्या बिलावर 18 टक्के म्हणजे 36 हजार. त्या बिलात आमचा नफाही तेवढा नसतो! भाऊ तीन आठवड्यांत सगळं शिकला. महिन्याच्या 11 तारखेला, बिलं चढवायच्या शेवटच्या दिवशी, आता तो माझ्या आधी उठतो.

तुझ्या सादरीकरणात ‘मानसिकता बदल’ म्हणून चार पानं आहेत. ती काढ. भावाची मानसिकता अजून तीच आहे. त्याचे 36 हजार अडकले, एवढंच. लहान धंदा संगणकाकडे वळतो तो बहुतेक वेळा पुढच्या गिऱ्हाइकाच्या, बँकेच्या नाहीतर कराच्या रेट्यानं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मग तुझं काम बदलतं. रेटा कुठून येतोय ते शोध आणि त्या एका दारातून आत शीर. बाकीचं पॅकेज गळ्यात मारू नको.

आमच्या गळ्यात मारलं होतं एकानं. कुणी ते सांगत नाही. प्रत्येक कास्टिंगला बारकोडचं स्टिकर, प्रत्येक मशीनशेजारी स्कॅनर. मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या तेलकट पाण्यात स्टिकर दोन दिवसांत सुटून पायाखाली यायला लागली. पण खरी मेख वेगळीच होती, आणि ती मला महिनाभरानं कळली.

सॉफ्टवेअरमध्ये मालाचे दोनच प्रकार होते, पास आणि रिजेक्ट. आमचा फोरमन तीन ढीग करतो. तिसऱ्या ढिगाचं नाव ‘बघू’. कास्टिंगमध्ये बारीक भोक दिसतं. अजून एक कट घेतला तर कदाचित साफ निघेल, नाहीतर भंगारात जाईल. ते आजच सांगता येत नाही. हा ढीग कधी चार नगांचा असतो, कधी चाळीसचा. सॉफ्टवेअरला ‘बघू’ माहीत नाही, म्हणून तो तिथे ‘पास’ दाबायचा आणि खरा आकडा खिशातल्या वहीत लिहायचा. स्टॉक कधीच जुळेना. विकणाऱ्या कंपनीची माणसं म्हणायची, तुमचे कामगार शिस्तीचे नाहीत. शिस्त होती गं, वहीत होती. तीन रकाने आखलेले, तारखेवार, आणि शेवटी भंगारात किती गेले त्याचा हिशेबसुद्धा.

शेवटी भाच्यानं भिंतीवर एक पांढरा फळा लावला, तीन रकान्यांचा. पाळी संपली की फोरमन त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो आणि भाचा घरी बसून एक्सेलमध्ये भरतो. तुझ्या कंपनीच्या भाषेत हे परिवर्तन नाही. पण आता आम्हाला कळतं की कुठल्या फाउंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं, कास्टिंग ‘बघू’त जास्त जातं. त्या फाउंड्रीशी दर ठरवताना हा कागद आम्ही पुढे ठेवतो. फोरमनच्या खिशातली वही हळूहळू दिसेनाशी झाली. कुणी बंद केली नाही.

सगळ्याच वह्या निरागस असतात असं समजू नको बरं. कार्यालयात काही वह्या अशाही होत्या ज्यात कुणाची फाईल कुणाच्या सांगण्यावरून थांबवायची ते असायचं. आता दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की फेरफाराची, म्हणजे मालकी बदलल्याची, माहिती आपोआप पुढे तलाठ्याकडे जाते. तेव्हा काही जणांचे चेहरे उतरलेले मी पाहिले, आणि मला बरं वाटलं. त्यामुळे वही सापडली की दोन प्रश्न विचार. ही वही काम पुढे न्यायला आहे की अडवायला? आणि ती नसती तर आज कोणाचं काय बिघडलं असतं?

आकड्यांचंही तसंच. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखल्यांना दिवसांची मुदत आली. चांगला कायदा. पण मुदतीच्या शेवटच्या दिवशी अर्जावर ‘त्रुटी’चा शेरा मारून तो परत पाठवायचा, म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यावर, ही युक्ती शोधायला आमच्या माणसांना फार दिवस लागले नाहीत. वरच्या पडद्यावर सगळं हिरवं. जिल्हा परिषदेत तुला असा हिरवा पडदा दाखवतील. तेव्हा किती अर्ज वेळेत निकालात निघाले हे विचारू नको. किती अर्ज दोनदा आले, ते काढायला सांग.

आणि एक. सरकारला जे आधीच ठाऊक आहे ते माणसाला पुन्हा विचारू नये. 2017 च्या कर्जमाफीत शेतकऱ्याला बायकोसकट आधार घेऊन केंद्रावर ऑनलाइन अर्ज भरायला लावला होता. रात्री-रात्री रांगा, झिजलेल्या बोटांचे ठसे जुळत नाहीत, नेट जातं. कर्ज कुणावर किती ते बँकेच्या दप्तरात होतंच की! 2019 च्या डिसेंबरात महात्मा जोतिराव फुले योजना जाहीर झाली, तिच्यात अर्जच ठेवला नाही. बँकांनी याद्या द्यायच्या, त्या गावात लावायच्या, शेतकऱ्यानं फक्त आधार जुळवून आकडा बरोबर आहे म्हणायचं. यंत्रणा तीच, शेतकरी तेच, केंद्रंही बरीचशी तीच. काम बँकेच्या अंगावर गेलं, एवढाच फरक. पुढे कोरोनात अंगठा लावणंच थांबलं, ते निराळं. तुझ्या आराखड्यातल्या प्रत्येक फॉर्मपुढे एक रकाना वाढव: ही माहिती आपल्याकडे आधीच कुठे आहे? निम्मे फॉर्म गळतील बघ.

एका फोनवर एकच माणूस, असं तू धरून चालली आहेस. तेही तपास. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली, शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो टाकायचा. कल्पना मला मनापासून पटली. पीक काय आहे ते बांधावरच्या माणसापेक्षा जास्त कोणाला कळणार? पण गावात फिरलीस तर दिसेल, अख्ख्या भावकीची नोंद एकच पोरगा करतो. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करायची सोय ॲपमध्ये ठेवली होती म्हणून ते चाललं. ज्यानं ती सोय ठेवली त्यानं नक्की कुठल्यातरी वाडीवर चहा घेतला असणार. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीनं फेरीवाल्यांसाठीच्या स्वनिधी योजनेतून 10 हजारांचं पहिलं कर्ज घेतलं, क्यूआर कोड लावला. खातं मुलाचं. दिवसभराचे पैसे त्याच्या खात्यात, आणि पहाटे मार्केट यार्डात अडत्याला रोख द्यायचे. रोज संध्याकाळी ती स्वतःच्याच कमाईचे पैसे मुलाकडे मागते. कागदावर ही बाई डिजिटल झाली.

वेळेचं थोडक्यात. मार्चमध्ये कुठलंही सरकारी कार्यालय गाठू नकोस, हाकलून देतील आणि बरोबर करतील. मे-जूनमध्ये पीककर्जासाठी सातबाऱ्याला गर्दी, तेव्हा नवीन स्क्रीन नको. कारखान्यात महिन्याची 11 ते 20 टाळ, ते कराच्या कामाचे दिवस. वार्षिक वर्गणीचं सॉफ्टवेअर आत्ता कुणाला सुचवू नकोस. ज्यांच्याकडे पुढच्या महिन्याच्या पगाराची खात्री नाही त्यांना तीन वर्षांचा करार दाखवणं मला तरी जमणार नाही. महिन्याला देता येईल आणि महिन्यात सोडता येईल असं बघ.

शिरोलीला गुरुवारी येतेस ना? सुट्टी सोमवारी असते, पाळी साडेआठला सुरू होते. सँडल नको, बूट घाल, जमिनीवर लोखंडाचा कीस असतो. लॅपटॉप गाडीतच ठेव. फोरमन आधी मशिनी दाखवेल, मग फळा, मग विचारेल कुठल्या गावची तू. ‘बघू’ची जुनी वही त्यानं अजून जपून ठेवली आहे, पण ती तो पहिल्या दिवशी काढणार नाही. शुक्रवारीही ये. जेवायला घरीच आहेस.

तुझी,
मावशी